बनुबाईंची बोटं

उंब्रजच्या स्टँडसमोर मुजीबचं मोबाईलचं दुकान. हाताला वेग, आणि जिभेला त्याहून जास्त. बनुबाई फोनला नवी काच लावायला आल्या, तेव्हा त्यांना न विचारताच त्यानं दुकानाच्या वायफायवर अपडेटही चढवून टाकलं. फोन फार जुना, एवढं नवं त्याला पेलणार नाही, अशी पाल त्याच्या मनात चुकचुकली होती. पण समोर गिऱ्हाईकं होती आणि फुकटचे उपकार करून दाखवायची मुजीबला भारी हौस.

आठवड्याभरात बाई परत आल्या. मुलगा शंभूराज फौजेत, सरहद्दीवर. रेंज मिळेल तेव्हा तोच फोन करणार, इकडून लागत नाही. आता त्याचा फोन आला की स्क्रीनवरची पट्टी सरकतच नाही, रिंग वाजून वाजून बंद होते, असं त्यांनी सांगितलं. चूक कबूल करायची सोडून मुजीबनं सगळ्यांदेखत त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. उसातलं तण भांगलून बोटं झिजलीत, असल्या बोटांना टच ओळखत नाही, असं ठोकून दिलं. गिऱ्हाईकं हसली. बाईही हसल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतले.

काल त्या पुन्हा आल्या. बोटांची टोकं लाल, सालटी निघालेली. टाचा घासायची वजरी घेऊन रोज बोटं घासत होत्या.

"आता वळखंल का बघ रं," त्या म्हणाल्या. "निबार कातडं समदं काढलंय."

मुजीबची कानशिलं तापली. आपली एक थाप कुणी रक्त येईस्तोवर खरी मानेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच फोन वाजला. शंभूराजचा. बाईंनी घाईघाईनं बोट फिरवलं, पट्टी हलेना. त्यांनी फोन मुजीबच्या हातात कोंबला. त्यानं बोट फिरवलं, दाबलं, शर्टाला पुसून पुन्हा फिरवलं. स्क्रीन ढिम्म. रिंग थांबली, आणि मग कुठं पट्टी सावकाश सरकली.

मुजीबला मान वर करवेना. बनुबाईंनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"तुजी बी झिजली की रं," त्या म्हणाल्या. "एवढ्या कवळ्या वयात. लय काम करतोस बाबा, जरा जपत जा."