शुभेच्छुकांच्या खालची ओळ

दीपमाला आशाताई होती. आष्ट्याजवळच्या त्या गावात तिचं सगळे ऐकत, एक सासरे सोडून. तात्यांच्या पायाच्या अंगठ्याला महिन्यापासून जखम होती. ती भरत नव्हती आणि तात्या वर हळद दाबून मोकळे होत. दीपमालाच्या वडिलांचा पाय अशाच जखमेपायी गुडघ्यातून गेला होता. तो अंगठा दिसला की तिला तोच पाय आठवे.

"मामंजी, साखर तपासून घ्या की."

"मला काय धाड भरलीया? आमी उसाची मानसं. साखर रगातातच असायची."

तिनं माहितीपत्रक दिलं, त्यावर तात्यांनी भजी खाल्ली. डॉक्टरांचं भाषण ठेवलं, तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आळीतल्या चौघांना तपासायला पिटाळलं आणि स्वतः घरी आले. शहाणपण त्यांना दुसऱ्यासाठी फार आवडे.

अशात सरपंचांचा वाढदिवस आला. गावाचं वाचन फ्लेक्सपुरतं, हे दीपमालाला ठाऊक होतं. सरपंचांना गळ घालून तिनं शुभेच्छुकांच्या खालची एक ओळ मागून घेतली: 'रक्तातील साखर तपासून घेणारे जागरूक नागरिक'. त्यात पहिलाच फोटो झळकला भावकीतल्या सयाजीचा, गॉगलसकट. बांधावरून त्याचं आणि तात्यांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्या कडक टोपी घालून उपकेंद्रात हजर. बोट आधीच पुढे केलेलं.

"सयाजी दोनशे धा सांगत हिंडतोय. माझी किती?"

"तीनशे ऐंशी," दीपमाला कशीबशी म्हणाली.

तात्यांच्या मिशा वर चढल्या. "बग. भावकीत आपुनच म्होरं. फोटू त्याच्यापरास मोठा पायजे."

हसावं की रडावं तिला कळेना. डोळे पुसून ती म्हणाली, "मोठाच लावू. उभा, अख्खा."

"पायापत्तोर?"

"व्हय. पर पुढला फ्लेक्स दिवाळीचा हाय, मामंजी. तवर दोनी पाय जाग्यावर ऱ्हायला पायजेत."

तात्या खाली वाकले. महिन्यात पहिल्यांदा त्यांनी त्या अंगठ्याकडे नीट पाहिलं.

"सयाजी गोळ्या खातोय?"

"न चुकता."

"मग चल दवाखान्यात," तात्या उठत म्हणाले. "आन ही हळद आदी धू."