पेटीवरची शाल

आमच्या लॅबच्या डॉक्टर सत्यभामा मॅडमनी अब्बांचा एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्यांनी मनगटाच्या हाडाशेजारून वर गेलेली एक बारीक, पांढरी, तुटक रेघ दाखवली.

"हे हाड नाही, नगमा. ही रक्तवाहिनी आहे."

रक्तवाहिनी अशी एक्स-रेत दिसत नाही. दिसलीच, तर तिच्यात कॅल्शियम साठलेलं असतं. अकोल्याच्या या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नऊ वर्षं काढून एवढं मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं, इतकी कडक, हाडासारखी? हाडासारखीच, त्या म्हणाल्या.

अब्बांना जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.

अब्बा, वाहेद चुडीवाले, बांगड्यांची पेटी घेऊन अमरावतीहून वलगावकडच्या गावांत फिरत. अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबलं की त्यांना हाताचं माप कळे. "हात ढिला सोड, बाई. हाड माह्यावर सोपव," म्हणत आणि घट्ट काचही चढवत. त्या वर्षांत कापूस हातचा जात होता, लग्नं पुढं ढकलली जात होती. एका गावात एकाच गल्लीतले तीन कर्ते पुरुष एका हंगामात गेले. त्या गल्लीतून जाताना अब्बा खांद्यावरची शाल पेटीभोवती गुंडाळत, काच वाजू नये म्हणून. गल्ली संपली की सोडत.

गेल्या उन्हाळ्यात सायकलवरून पडून त्यांचं मनगट मोडलं. साखरेचा आजार दहा वर्षांचा, म्हणून मी सगळंच रक्त तपासलं. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं आलं. मोडलेलं हाड जुळताना ते वाढतं. रिपोर्ट मीच छापला, समजावलाही मीच.

"हाडाचंच हाय ना? मंग भेतं कायले? हाड तं जुडते."

रक्त काढताना त्यांचं दुसरं मनगट माझ्या हातात होतं. बोटांखाली नाडी तारेसारखी लागली. मी तसं म्हटलं, तर हसले.

"बत्तीस वर्षं पेटी उचलून राहिलो. नस बी पक्की झाली."

मीही हसले.

दिवाळीआधी पुन्हा तपासलं. हाड जुळलं होतं, आकडा उतरला नव्हता. वयाचं हाड, वेळ लागत असेल, असं मी ठरवून टाकलं.

पौषात वलगावला एका नवरीला चुडा भरताना हृदय बंद पडून ते गेले. तिची आई सांगत होती, कलंडण्याआधी त्यांनी पोरीचा हात सोडला, हातातली काच गादीवर ठेवली. एकही बांगडी फुटली नाही.

आकडा उतरला नाही तेव्हाच हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं असतं तर, असं मी मॅडमना विचारलं. रक्तवाहिन्या अशा कडक होतानाही तो वाढलेला असू शकतो, तरी एका आकड्यावरून तसं सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. "पण ही रेघ कुणीतरी बघायला हवी होती." त्यांनी 'कुणीतरी' म्हटलं. फिल्म सात महिने माझ्या कपाटात होती.

संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला आले. अम्मी इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने घरातच राहण्याच्या पाळणुकीत, पलंगावर बसलेली, मनगटं मोकळी. मॅडम काय म्हणाल्या, तिनं विचारलं.

"हाडाचं नव्हतं, अम्मी."

ती एक्स-रेच्या पाकिटाकडं पाहत राहिली.

"तुले दिसलं नाही?"

"नाही."

 मग ती खाली बघून म्हणाली, "मले बी नाही. रोज हात दाबत होती मी त्यायचा."

वलगावच्या लोकांनी आणून दिलेली पेटी दाराशीच होती. आतल्या खोलीत न्यायला मी ती उचलली, तशी काच किणकिणली. अम्मीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी पेटी खाली ठेवली. खुंटीवरची अब्बांची शाल काढली, पेटीभोवती दोनदा गुंडाळली, आणि मग उचलली.