भिंतीचं लुगडं

धाकटा भाऊ ओमप्रकाश याच्या मुलीचं साक्षगंध नागपूरजवळ वाडीला होतं आणि मंडपाचा हिशेब माझ्याकडे होता. म्हणजे मीच तो ओढून घेतला होता. गांधीबागेत जन्मभर कापड मोजलेला माणूस. कनातीचं कापड दिसलं की हात स्वस्थ बसत नाही.

ट्रकांची धूळ ताटात येऊ नये म्हणून गोदामालगतचा मोकळा प्लॉट कनातीनं घेरायचा होता. लगीनसराईत मंडपवाल्याकडे उरली होती फक्त ऐंशी फूट. त्यात मुलाचे वडील चंपतराव यांनी बजावलेलं, की आमची सगळी माणसं एकाच पंगतीत बसतील, नाहीतर एकही बसणार नाही. ओमप्रकाश दिवसातून दहादा पाहुणे मोजू लागला. मी त्याला समजावलं, लांबी-रुंदीची बेरीज वाढवता येत नसेल, तर दोन्ही सारख्या ठेवायच्या. गुणाकार सगळ्यात मोठा येतो. वीस गुणिले वीस, चारशे. यापुढे देवाचंही चालणार नाही, असंही बोलून गेलो. देवानं ते ऐकलं असावं.

पाहुणे आले. निम्म्यांतच चौरस भरला. बाकीचे बाहेर सरबताचे ग्लास धरून उभे, त्यांत चंपतराव. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी आतल्यांना मांड्या आवळायला सांगत फिरत होतो.

तेवढ्यात माझी बायको इंदू पाण्याचा जग घेऊन आली. गोदामाकडची कनात तिनं उचलली, मागे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भिंतीले काहून लुगडं नेसवलं जी?"

मागे गोदामाची लांबलचक, उंच, भक्कम भिंत होती. तिकडून धूळ सोडा, वाराही येत नव्हता. चार बाजू दिसल्या, मी चारही झाकल्या. एक बाजू फुकटात मिळतेय, हे जन्मभर घासाघीस करणाऱ्या मला दिसलंच नाही.

ओमप्रकाशनं ते वीस फूट सोडवून समोरच्या बाजूला जोडले. समोर चाळीस, कडेला वीस-वीस, मागे भिंत. आठशे. चंपतरावांनी चपला काढल्या. सगळी माणसं एका पंगतीत बसली, ते स्वतः भिंतीला टेकून.

"मंडप मोठा केला गा तुम्ही," ते मला म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

लग्नाला हॉलच घ्यायचा ठरलाय. कारण इंदूनं ओमप्रकाशला सांगितलं, "हॉलले चारही भिंती राहतात, भाऊजी. तुमच्या दादाले नेसवायले काही उरत नाही."

मी गुपचूप जाऊन हॉलची लांबी-रुंदी विचारून आलो. चौरस नाही. पण अजून कोणाला बोललेलो नाही.