इस्त्री न केलेला मृत्युलेख

ओल्या बोटाचा थेंब इस्त्रीवर पडून जागीच चुरचुरला, तर ती अजून सुती कापडाजोगी तापलेली नसते. थेंब गोळी होऊन पळाला, की तापली. ओझेला प्रुइट अठरा वर्षं रोज हे बघत आली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन गावात, एका लॉन्ड्रीत ती शर्टांना इस्त्री करायची आणि कपडे बांधायच्या तपकिरी कागदाचे उरलेले तुकडे घरी नेऊन त्यांवर लिहायची. शाळा सहावीत सुटली होती, नवरा रेल्वे यार्डातल्या अपघातात गेला होता, बहिणीची तीन पोरं तिनंच वाढवली होती. लिहिणं तेवढं सुटलं नाही.

चर्चमधलं कुणी गेलं, की मयताच्या दिवशी वाचायचा मृत्युलेख लिहायचं काम तिच्याकडे यायचं. तिच्या हातून दारुडा मनमिळाऊ होऊन निघायचा आणि कजाग बाई स्पष्टवक्ती. घरच्यांना ते आवडायचं.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या टेनींनी, म्हणजे साऱ्या चर्चच्या मिस टेनींनी, मात्र आपला लेख जिवंतपणीच मागितला. "मेल्यावर मी काय ऐकणार? आत्ताच एक कान गेलाय."

शनिवारी दुपारी ओझेला तो घेऊन त्यांच्या पडवीत आली. मिस टेनी मांडीवर पातेलं घेऊन शेंगा सोलत होत्या.

"'भगिनी टेनी बूकर यांनी अकरा वर्षं जज्जसाहेबांच्या घरी निष्ठेने स्वयंपाक केला,'" ओझेला वाचू लागली. "'शांत स्वभाव आणि सोशिकपणा यांमुळे त्या...'"

"थांब. ही बाई कोण गं?"

"तुम्हीच, मिस टेनी."

"मी? चांगली दिसते बाई. ओळख करून दे की कधी." एक दाणा टणकन पातेल्यात पडला. "पोरी, तू मला इस्त्री केलीस. एक सुरकुती म्हणून ठेवली नाहीस."

ओझेला हसली, पण हसू टिकलं नाही. सुरकुत्यांसकटच्या मिस टेनीही तिनं एका गोष्टीत लिहिल्या होत्या. ती गोष्ट तिनं शिकागोच्या एका मासिकाला पाठवली होती आणि ते ती छापणार होते. पुढे पुस्तकाचंही बोलत होते. त्यांनी पत्रातून एवढंच विचारलं होतं, की गोष्टीखाली तुमचं नाव घालायचं, की टोपणनाव? लॉन्ड्रीचा मालक त्या जज्जचा मुलगा होता. ते पत्र आठ आठवडे ओझेलाच्या एप्रनच्या खिशात पडून होतं.

तिनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मला न विचारता मला शिकागोला धाडलंस?" मिस टेनी म्हणाल्या. "मग वाच ती."

कागद लागलाच नाही, तिला पाठ होती. नाताळची सकाळ. रस्सा खारट झाला म्हणून मालकीणबाईंनी पोराबाळांसमोर मारलेली थप्पड. ओव्हनमध्ये तशीच सोडलेली टर्की, दाराच्या मुठीला अडकवलेला एप्रन, आणि कडेवर लेकीला घेऊन तुडवलेले नऊ मैल.

मिस टेनींची बोटं थांबली होती.

"टर्की नव्हती. बदक होतं."

"करते दुरुस्त."

"बाकी बरोबर आहे." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "मला तिथे काय हाक मारायचे, ते नाही आलं."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"मॅटी. माझ्या आधीची स्वयंपाकीण मॅटी होती. तिच्या आधीचीला पण मॅटीच म्हणायचे. नवं नाव पाठ करायचा त्रास कोण घेणार? मी निघाले तेव्हा बाई दारातून ओरडत होती, 'मॅटी! मॅटी!' मी वळलेसुद्धा नाही. हाक मॅटीला होती, मला थोडीच होती?"

त्यांनी पुढची शेंग सोलायला घेतली. मग मिस टेनींनी विचारलं, "गोष्टीत माझं नाव खरं घातलंयस ना?"

"हो. तुमची हरकत असेल तर..."

"हरकत कसली! या वयात मला कोण कामावरून काढणार? तुझं काय ते सांग."

समोरच्या अंगणात लुव्हेनिया चादरी वाळत घालत होती. ती त्याच लॉन्ड्रीत घड्या घालायला होती. तिच्या कानावर पडलेलं सोमवारी सकाळी मुकादमापर्यंत पोचायचंच.

ओझेला हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय? या बाजूचा कान गेलाय म्हटलं ना! मयताला वाचतेस तशी बोल. मागच्या बाकापर्यंत जाऊ दे."

ओझेलानं मनाशी हिशेब मांडला. बहिणीची पोरं आता आपल्या पायांवर उभी होती. घरी एक इस्त्री होती, आणि शर्ट काय, गावभर होते. ती उठली, चर्चमध्ये उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. लुव्हेनियाचा चादर झटकणारा हात थांबला.

"टोपणनाव नको," ओझेला मोठ्यानं म्हणाली. "माझ्या गोष्टीखाली माझंच नाव येईल. ओझेला मे प्रुइट."