कॉम्प्युटरमधलं बंदर

बुरोंडीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भाविकाचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि त्या दुकानातल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात अकरा होड्यांचे अकरा मोबाइल होते. हातात धरता येतील असे मोबाइल नव्हेत. पडद्यावर ओळीने मांडलेल्या अकरा उभ्या चौकटी, प्रत्येकीत मोबाइलसारखाच मोबाइल, आणि प्रत्येकात मासेमारी खात्याचं तेच एक ॲप. गुरुप्रसाद म्हणून भाविकाचा एक आतेभाऊ होता दापोलीला. तो मोबाइलवरचे गेम कॉम्प्युटरवर खेळत बसायचा आणि त्यापायी बापाच्या शिव्या खायचा. त्यानेच तिला ते सॉफ्टवेअर घालून दिलं. एम्युलेटर म्हणतात त्याला. गावात कुणाची जीभ त्या शब्दाला वळली नाही, सगळे 'भाविकाचा डबा' म्हणायचे.

डब्याची गरज का पडली, तर खात्याने काढलेल्या त्या ॲपमुळे. होडी समुद्रात जाताना तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्या मुख्य माणसाने, 'निघाली' दाबायचं आणि किती माणसं आहेत ते भरायचं. परत आल्यावर 'परतली' दाबायचं. फोन बंदराच्या आसपास नसेल तर 'परतली' दाबलंच जायचं नाही. हेतू चांगला होता, त्यात वाद नाही. अवचित वारा सुटला तर कोण बाहेर अडकलंय ते कचेरीत बसल्या जागी कळावं, आणि गस्तीची बोट थेट तिकडे जावी. पण ॲप काढणाऱ्याने तांडेलांचे फोन पाहिले नव्हते. खाऱ्या पाण्याने गंजलेले, काच तडकलेले, रबरबँडने बांधून ठेवलेले फोन ते. ॲप उघडेस्तोवर मासळी नासायची. आणि एखाद्याचं 'परतली' राहून गेलं की दुसऱ्या दिवशी त्याला 'निघाली' मिळायचं नाही. नांगर टाकलेली होडी बघत माणसं किनाऱ्यावर बसून राहायची.

म्हणून सगळे भाविकाकडे आले. आधी तिचा नवरा सोहम, तो स्वतःच एका लहान होडीचा तांडेल. मग मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष काशीरामकाका, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे. नोंदणीच्या दिवशी दुकानात ही गर्दी झाली! जो तो आपल्या फोनवर आलेला ओटीपी ओरडून सांगत होता आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या होडीला लागत होता. डब्यात जागा हाताने दाखवावी लागे. नकाशावर बोट ठेवायचं, की ॲपला वाटायचं फोन तिथेच आहे. पहिल्या वेळी भाविकाचा हात हलला आणि सोहमची होडी दापोलीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली. लोक पोट धरधरून हसले. "चाक लावून घे रे होडीला," काशीरामकाका म्हणाले. मग भाविकाने तो ठिपका नीट उचलून बुरोंडीच्या बंदरात ठेवला, आणि तो कायमचा तिथेच राहिला.

सुरुवातीला ती दारात उभी राहून बघायची. एकेक होडी किनाऱ्याला लागली, की आत येऊन तिचं 'परतली' दाबायची. पण संध्याकाळी सगळ्या किनारपट्टीची माणसं एकदमच दाबायला बसत, आणि ॲप गरगर फिरत राहायचं. अकरा होड्या उरकेपर्यंत काळोख व्हायचा. घरी चूल पेटायची राहायची, सासू मासळीच्या लिलावावरून दमून आलेली असायची. एकदा भाविकाला दापोलीला लग्नाला जायचं होतं, म्हणून तिने दुपारी जेवून झाल्यावरच सगळ्या दाबून टाकल्या. दुपारी ॲपवर कुणी नसतं. पटापट हिरव्या खुणा आल्या, आणि काही बिघडलं नाही. होड्या रोजच्यासारख्या संध्याकाळी आल्या. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तसंच केलं. सवय लागायला काही महिने लागत नाहीत. घरी ती हे बोलली नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नाही. उलट गावात तिचं नाव झालं होतं. भाविकाचं काम चोख, एकाही होडीचं अडत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी सोहमबरोबर होडीत बाबू आणि सदू होते. बाबू म्हणजे सोहमचा चुलता, साठीला आलेला, पण दर्यावर गेल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा. सदू खलाशी, गेल्याच वर्षी लग्न झालेला. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी भाविकाने आमटीभात खाल्ला, चूळ भरली आणि दुकानात येऊन अकरा चौकटींत अकरा वेळा 'परतली' दाबलं.

उन्हं कलती झाली तेव्हा वारा फिरला. आधी दुकानाचा पत्रा खडखडला, मग समोरच्या नारळांनी माना टाकल्या. फोनवर कचेरीचा इशारा आला, होड्यांनी ताबडतोब बंदरात यावं. भाविका खाली बंदरावर धावली. होड्या येतच होत्या, उड्या मारत, पाणी उडवत, एकमेकींच्या अंगावर पडत. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून दोर ओढत होत्या. दहा होड्या आल्या.

भाविकाची सासू हौसा टोपली डोक्यावर तशीच घेऊन उभी होती. "आपली होडी दिसत नाय गो," ती म्हणाली.

तेवढ्यात खात्याच्या ग्रुपवर निरोप आला. शेजारच्या बंदरातल्या दोन होड्या अजून बाहेर आहेत, गस्तीची बोट त्यांना आणायला निघाली आहे. आणि त्याखाली, बुरोंडी बंदर, सर्व होड्या परत, अभिनंदन. कुणी तरी त्यावर अंगठ्याचं चित्रही टाकलं होतं.

भाविका काशीरामकाकांजवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, मी दुपारीच दाबलंय."

"सोहमचं?"

"सगळ्यांचं. रोजच दुपारी दाबते."

काका दोराच्या वेटोळ्यावर बसले. दोन तांडेलांनी ऐकलं होतं, तेही जवळ आले.

"आंजर्ल्याच्या खाडीत शिरला आसंल तो," काका म्हणाले. "शहाणा हाय पोरगा. बाबू हाय संगती. फोन भिजला आसंल."

"मी कचेरीत फोन करते."

"काय सांगशील?" काकांनी मान वर केली. "लबाडी केली म्हणून सांगशील? आज एक होडी कळली की उद्या अकराही कळतील. परवाने काढून घेतील, होड्यांच्या मशीनला सील मारतील. अकरा घरांच्या चुली हायत त्या, भाविका. आणि सोहम सकाळी हसत येईल खाडीतून, मंग तोंड कुठं लपवशील?"

काका वाईट नव्हते. त्यांनीच दोघा जणांना घेऊन आपली होडी लोटली, सोहमला बघायला. खडकांच्या पलीकडे लाटेने ती उभी केली तेव्हा ते मागे फिरले, चिंब, दात वाजवत. पण फोन कर असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. भाविकाकडे कुणी सरळ बघेना.

आणि भाविकाने फोन केला नाही. अकरा घरांसाठी केला नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. ती घाबरली होती. पोलीस येतील, दुकान जाईल, कॉम्प्युटर उचलून नेतील, गावभर छी-थू होईल, याची तिला भीती वाटली, आणि त्या भीतीला आंजर्ल्याच्या खाडीचा आधार सापडला. रात्रभर ती खाडीला चिकटून राहिली. सोहम तिथे कुणाच्या तरी पडवीत बसलाय, चहा पितोय, बाबूकाका त्याला दर्यावरच्या जुन्या गोष्टी सांगतोय, एवढं सगळं तिने मनाशी रचलं. पत्रा वाजला की ते मोडायचं, आणि ती पुन्हा रचायची.

उजाडायला लागलं तेव्हा वारा पडला होता. आंजर्ल्याहून कुणाचा तरी फोन आला. खाडीत बुरोंडीची होडी आलेली नाही. एव्हाना सगळं कानावर आलेल्या हौसाने तो निरोप ऐकला आणि सुनेकडे बघून एवढंच म्हणाली, "कर आता फोन. जायच्या त्या होड्या जाऊंदेत."

भाविका रस्ता चढून दुकानापाशी आली, तिथे रेंज नीट मिळायची. कचेरीत एका कारकुनाने फोन घेतला.

"आमची होडी परत आली नाही," भाविका म्हणाली. नंबर सांगितला.

तिकडे कळा वाजल्या. "मॅडम, तुमची होडी काल दुपारीच परतलीय. इथं दिसतंय मला."

"ती परतली नाही. तीन माणसं आहेत तिच्यात."

"लोकेशनसुद्धा बंदरातलं आहे. तांडेलाच्या मोबाइलवरून नोंद झालीय. तुम्ही घरी नीट चौकशी केलीत का?"

"तो मोबाइल नाही. मी दाबलंय ते, कॉम्प्युटरवरून."

"कॉम्प्युटरवरून कसं दाबाल? हे मोबाइलचं ॲप आहे."

भाविकाने सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर असतं, त्यात मोबाइल तयार होतो, त्यात ॲप चालतं, जागा आपण हाताने ठेवायची. कारकुनाला ते कळेना. त्याने साहेबांना फोन दिला. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, होडीचा नंबर, तांडेलाचं नाव, नोंदीची वेळ. मोबाइलचं ॲप कॉम्प्युटरवर चालतंच कसं, ते साहेबांनाही पटेना. त्यांना वाटलं, बाई भ्रमलीय, किंवा नवरा भांडून कुठे निघून गेलाय. ज्या शब्दाला गावात जीभ वळत नव्हती तो शब्द ती फोनवर पुन्हा पुन्हा उच्चारत होती, आणि समोर दर्या स्वच्छ, निळा, जणू काही झालंच नाही असा पसरलेला होता.

"साहेब, चालतं हो ते!" ती शेवटी किंचाळली. "चालतं म्हणून तर तुम्हाला सगळे परत आलेले दिसले! आधी बोट पाठवा. मग मी तिथं येते, दाखवते, काय लिहून पाहिजे ते लिहून देते. मी खोटं दाबलंय. मला धरा. पण बोट पाठवा."

मग साहेब म्हणाले, "पाठवतो."

ऊन वर आल्यावर गस्तीच्या बोटीला होडी सापडली. उलटी झाली होती. तिच्या बुडाशी दोराने बांधलेला सदू होता, अर्धा शुद्धीत, अंगाची सालपटं निघालेली. आणखी कुणी नव्हतं.

दुपारी भाविका दापोलीला दवाखान्यात गेली. सदूच्या बायकोने तिला खाटेजवळ जागा करून दिली. अजून काही कळलं नव्हतं. शोध चालू होता, आणि सोहम नेमका कुठे वेगळा झाला ते सदू सांगू शकेल, एवढ्या आशेवर ती आली होती. तिने त्याचा हात धरला. त्याचे ओठ मिठाने फाटले होते. शब्द तुटत तुटत येत होते.

"मशीन बंद पडली, वयनी. मंग वारा. होडी उलटली तवा उजेड होता अजून. बाबूकाका तवाच गेला. ढवळलं पाणी नि गेला." त्याने डोळे मिटले, उघडले. "आमी दोघं वर चढलो. गस्तीची बोट दिसली आमाला. लांब होती, पण दिसली. सोहमदादानं शर्ट काढून हलवला. बोल्ला, आली बघ, आपल्यालाच बघायला आली. मंग ती वळली. दुसरीकडंच गेली."

भाविकाने दुसऱ्या हाताने त्याच्या ओठांना पाणी लावलं.

"मी रडाय लागलो. तर तो मला शिव्या देतो. बोल्ला, रडतोस काय येड्या, भाविका हाय तिकडं. ती दारात उभी आसंल. आपली होडी दिसली नाय तर ती दाबायची नाय. कचेरीत कळंल, एक होडी बाहेर हाय म्हणून. बोट परत येणार. रातभर त्येच बोलत होता. माझा हात ढिला झाला की बोलायचा, धर, तिनं दाबलं नसंल. दोर एकच होता, तो मला बांधला त्यानं. सोता नुसता हातानं धरून ऱ्हायला. पहाटेपातूर होता, वयनी. आभाळ उजळाय लागलं होतं. मंग नाय दिसला."

सदूची बायको पदराने डोळे पुसत होती. दारात काशीरामकाका येऊन उभे होते, हातात शहाळं घेऊन. सदूने खाटेवर मान वळवून भाविकाकडे पाहिलं. त्याच्या मनात राग नव्हता, त्याला फक्त कळून घ्यायचं होतं.

"येवढा उशीर कसा केला वो त्यांनी? तुमी दाबलं नव्हतं, मंग त्यांना दिसलं कसं नाय?"

काका दारातून म्हणाले, "पडूंदे त्याला जरा, भाविका. चल तू."

ती उठली नाही.

"मी दाबलं होतं, सदू," ती म्हणाली. "दुपारीच. जेवून झाल्यावर. आणि संध्याकाळी कळलं तरी सकाळपर्यंत कचेरीत सांगितलं नाही."

सदू तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.