बाबांना दिसणारा लाल

मी 'इशारा-लाल' बोलतोय. घाबरू नका, आत्ता काही बिघडलेलं नाही. पण मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

मला रंग समजू नका, मी रंगाचं नाव आहे. ॲपचं डिझाइन करणारी माणसं आम्हाला व्हेरिएबल म्हणतात, नाहीतर टोकन. (बँकेत रांगेत उभं राहून मिळतं ते नव्हे!) सोपं सांगायचं तर मी झाकणावर नाव लिहिलेली डबी आहे, आणि डबीत लाल रंग आहे. पडद्यावर जिथे जिथे धोका सांगायचा, तिथे रंग हाताने न भरता माझं नाव जोडतात. मग डबीतला रंग एकदा बदलला की सगळीकडे आपोआप बदलतो. माणसांची केवढी सोय, आणि माझ्या जिवाला केवढा घोर!

माझा जन्म ताईच्या टेबलावर झाला. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे साहेबसुद्धा. आमचं ॲप घरी ऑक्सिजन लावावा लागणाऱ्या रुग्णांसाठी आहे. सिलिंडरवरचं छोटं यंत्र आत किती उरलंय ते फोनला कळवतं. संपत आला की मी पडद्यावर उभा राहतो, 'सिलिंडर बदला' म्हणून.

माझा लाल निवडायला ताईने अख्खी दुपार घातली. कुठला भडक, कुठला विटकरी, कुठला उगाच गुलाबी. दरवेळी फोन हातभर लांब धरून ती डोळे किलकिले करून बघायची, कारण तिच्या बाबांना मोतीबिंदू होता. तिची आई ऑक्सिजनवर होती, आणि ॲपकडे लक्ष ठेवायचे ते बाबा.

"बाबा, ॲपच्या भोंग्याचा आवाज का बंद केलात?" तिने एकदा फोनवर विचारलं होतं.

"अगं, तो वाजला की तुझी आई दचकून उठते. मी बघतो की! अक्षरं नाही लागत बाळा, पण लाल कळतं मला."

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. उजळ पडद्यावर मी एक लाल असतो, काळ्या पडद्यावर दुसरा, आणि एकाच वेळी किती घरांत उभा असतो ते माझं मलाच सांगता येत नाही.

पुढे साहेबांना मुखपानावर कंपनीच्या वाढदिवसाची लाल पट्टी हवी झाली. ताईला आईला घेऊन डॉक्टरांकडे निघायचं होतं. मी हाताशीच होतो, तिने पट्टीला माझंच नाव जोडलं आणि म्हणाली, "वेगळा रंग नंतर करू." माणसांचं हे 'नंतर' मी पुष्कळ पाहिलंय. ते सहसा उजाडत नाही. झालं, मी एकीकडे धोका आणि दुसरीकडे झालर!

मग ऑफिसात एक नवी मुलगी आली. दिवसभर बडबडायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले. साहेब तिला म्हणाले, "ती पट्टी डोळ्यांत खुपते. जरा सौम्य कर." चिमणीने पट्टीवर बोट ठेवलं, माझं नाव दिसलं, तिने डबी उघडली आणि त्यात दुधात कालवल्यासारखा फिकट रंग भरला. पट्टी आधी माझ्यापासून सोडवायला हवी होती, पण तसं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत तो रंग फोनाफोनांत पोचला. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

नेमका तेव्हा ताईच्या घरचा सिलिंडर संपत आला. मी बाबांच्या पडद्यावर उभा राहिलो, पांढऱ्यावर पांढुरका. ओरडत होतो हो, पण बाबांना ऐकू येणार कसं?

त्यांनी ताईला नेहमीसारखा फोन केला. "जेवलीस का? आई आज गप्प गप्प आहे, थकली असेल. फोनवर लाल काही नाही, तेव्हा काळजी करू नकोस."

शेजारून चिमणी म्हणाली, "ताई, बघा ना, पट्टी किती गोड दिसतेय आता!"

ताईने पट्टीकडे पाहिलं. पट्टी फिकी, म्हणजे बाबांच्या फोनवरचा मीही फिका!

"बाबा, सिलिंडरवरचा काटा बघा. अगदी डोळा लावून बघा!"

"थांब हं... अगं, हा तर पार तळाला गेलाय."

"दुसरा लावा. आधी लावा, मग बोला!"

ताई खुर्चीतून उठून उभी राहिली. फोनमधून नुसती पान्याची खडखड येत होती. खूप वेळाने आईचा बारीक आवाज आला, "अहो, केवढी ही धडपड!" आणि माझा जीव भांड्यात पडला.

ताईने मला तिथल्या तिथे जुना रंग दिला. मग सगळे घरोघरी फोन करायला बसले, साहेबसुद्धा. सगळीकडे माणसं सुखरूप होती. चिमणी रडायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "तू पट्टीच बदललीस गं. तिची गाठ या इशाऱ्याच्या लालाशी मी बांधली होती." पट्टीला वेगळी डबी मिळाली. माझ्याभोवती जाड चौकट आली, सगळी मदार एकट्या रंगावर नको म्हणून.

आज साहेबांना सगळं ॲप नव्याने रंगवायचंय. माझ्यासाठीही नवा लाल ठरतोय, पण आता बाबांनी पाहिल्याशिवाय तो बाहेर जात नाही. डबी उघडणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. झाकण उचलण्याआधी मी कुठे कुठे उभा आहे ते बघा, आणि माझ्याकडे कोण बघतंय तेही.

ताईने नवा रंग घरी पाठवलाय. बाबा फोन लांब धरतात, जवळ आणतात, पुन्हा लांब धरतात.

तेवढ्यात पलंगावरून आई म्हणते, "अहो, मला इथून दिसतोय तो. तुम्हाला दिसतोय का?"

"नाही गं," बाबा म्हणतात.

फोनवर ऐकणारी ताई डबीत जुना लाल परत भरते.