वहिनीने धरलेला डूख

माझी वहिनी, यागोदा, नदीपलीकडची. तिचं लग्न झालं तेव्हा कुपा नदीचे दोन्ही काठ एकाच देशात होते. सकाळी पूल ओलांडून ती माहेरी जायची आणि दुपारच्या जेवणाआधी परत यायची. पुढे देश फुटला, पलीकडे स्लोव्हेनिया झाला, अलीकडे आम्ही क्रोएशिया, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला नाका बसला. तरी काठावरच्या लोकांना पास मिळायचा, आणि पोलिसही ओळखीचेच असायचे. पास न बघताच हात हलवायचे.

मग स्लोव्हेनिया त्या देशांच्या कंपूत गेला, ज्यांनी आपापसातली फाटकं काढून टाकली होती. आतली फाटकं निघाली म्हणून बाहेरचं फाटक घट्ट करायचं, असा त्यांचा नियम. ते बाहेरचं फाटक नेमकं आमचा पूल झाला.

नाक्यावर येर्नेय होता. वहिनीच्याच गावचा, तिच्याच वर्गातला. लहानपणी तिच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून त्याने अक्रोडाची पोळी किती वेळा खाल्ली असेल, याला गणती नाही.

२००९ सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी पलीकडून शेजारणीचा फोन आला. आई चुलीपाशी कोसळली होती, तोंड वाकडं झालं होतं, डॉक्टर निघाला होता. वहिनी अंगावरच्या कपड्यानिशी पळाली. मी तिचा कोट घेऊन मागे.

येर्नेयने पास हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मुदत संपलीय, यागोदा. अकरा दिवस झाले."

"अरे, आई जातेय माझी. ते बघ, घर दिसतंय इथून."

"दिसतंय की. पण नियम मी नाही केलेला. ही आता नुसती आपल्या पुलाची हद्द नाही, अख्ख्या युरोपची आहे. मोठ्या नाक्यावरून ये, पासपोर्ट घेऊन."

"छत्तीस किलोमीटर? या बर्फातून?"

"तारीख बघायची होती ना मग."

वहिनीने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने बाही झटकली.

माझा भाऊ श्तेफान तिला गाडीने घेऊन गेला. घाटात बर्फ काढणारं यंत्र आडवं उभं होतं. ती माहेरच्या दारात पोचली तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती, दाराकडे बघत होती, असं शेजारणीने सांगितलं. सांगायला नको होतं.

हे एवढंच असतं तर वहिनीने कदाचित गिळलं असतं. पण त्याच गुरुवारी दुपारी, मी गोठ्यापाशी उभी असताना, येर्नेयचा मेहुणा चार शिकारी मित्रांना घेऊन पुलावरून आमच्या बाजूला आला. ते चौघं दूरच्या शहरातले, त्यांना पास मिळायचा प्रश्नच नव्हता. येर्नेयने खोलीतून बाहेर येऊन त्यांच्याबरोबर घोटभर राकिया, आमची फळांची दारू, घेतली. अंत्यविधी उरकल्यावर मी हे वहिनीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

"बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिने त्याचं नाव घेतलं नाही. श्तेफान गेला तेव्हा येर्नेय फुलं घेऊन आला होता. तिने ती घेतली आणि त्याच्यादेखत डुकरांच्या कुंपणात टाकली.

२०२३च्या एक जानेवारीला आम्हीही त्या कंपूत गेलो. पुलावर बॅंड वाजला, दोन्हीकडच्या महापौरांनी मिठ्या मारल्या, नाक्याची खोली क्रेनने उचलून नेली. येर्नेय तेव्हा निवृत्त झालेला. नवी टोपी घालून फोटोत पुढे उभा होता. गर्दीत आम्ही दिसल्यावर ओरडला, "काय यागोदा! आता काय, एकच अंगण झालं!"

वहिनी हसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. माझ्या अंगावर काटा आला.

येर्नेयचं गणित मला पुढच्याच आठवड्यात कळलं. त्याच्या बायकोचा, मार्जेताचा, द्राक्षमळा आमच्या घरामागच्या टेकडीवर आहे. माहेरून आलेला. तिथे जायची वाट आमच्या घर आणि गोठ्याच्या मधून जाते. माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना तोंडी सांगितलेलं, "जा रे बाबा." कागद कसलाच नाही, आणि श्तेफाननंतर जमीन वहिनीच्या नावावर. आता हद्द उठली, शहरातले पाहुणे गाडीने थेट येतील, म्हणून मळ्यातलं घर वाढवून सहा खोल्या काढायच्या, असं येर्नेयने ठरवलं होतं.

तो विचारायला आला तेव्हा वहिनीने त्याला कॉफी दिली.

"जा की. वाट काय पळून जातेय?"

वर्षभर आमच्या अंगणातून विटा गेल्या, कौलं गेली, पलंग गेले. ट्रकने गोठ्याचा कोपरा घासला, तरी वहिनी काही बोलली नाही. येर्नेय दर शनिवारी थांबून गप्पा मारायचा. एकदा जाता जाता मला म्हणाला, "तुझी वहिनी मोठ्या मनाची आहे हं, दानित्सा."

मी तिला विचारलं, "माफ केलंस का गं त्याला?"

"घर पुरं होऊ दे," ती म्हणाली.

मे महिन्यात तपासणी आली. पाहुणे ठेवायचे तर गाडीचा रस्ता हक्काचा असावा लागतो, आणि तसं जमिनीच्या मालकाने लिहून द्यावं लागतं. सरकारी बाई गाडीतून उतरली तेव्हा घर आणि गोठ्याच्या मध्ये नवी कोरी साखळी लावलेली होती. वहिनी तिच्यापलीकडे खुर्ची टाकून बसली होती.

येर्नेय हसत पुढे आला. "यागोदा, एक सही हवी होती. सोपस्कार आहे नुसता."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे सही नाही. या वाटेने गाडीला परवानगी नाही."

"अगं, वर्षभर तर जाऊ देत होतीस!"

"तू तरी माझ्या पासाकडे बघायचास का? न बघता हात हलवायचास. मग एके दिवशी बघितलास."

सरकारी बाई एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होती.

"मी नोकर होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "वरून हुकूम होता."

"आणि दुपारी? शिकाऱ्यांना सोडलंस तेव्हा हुकूम जेवायला गेला होता?"

येर्नेय त्या बाईसमोरच साखळी धरून गयावया करू लागला. चूक झाली म्हणाला, आईच्या कबरीवर जाऊन माफी मागतो म्हणाला. वहिनी उठली, साखळी धरलेला त्याचा हात एकेक बोट करून सोडवला, आणि घरात गेली. बाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी मागे घेतली.

तो वकिलाकडे गेला. वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं वापर आहे म्हणून पायी जायचा हक्क मिळेल, गाडीचा नाही. सहा खोल्या गाद्यांवरच्या प्लास्टिकसकट बंद राहिल्या.

उन्हाळाभर वहिनी खूश होती. संध्याकाळी ओट्यावर बसून वर त्या कौलांकडे बघायची. मी विचारलं, "झालं समाधान?"

"समाधान नाही झालं. पण बरं वाटतं," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं वाटतं."

सप्टेंबरात द्राक्षं उतरली. मार्जेता एकसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली. ती पाठीवर टोपली बांधून टेकडी उतरायला लागली. तिसऱ्या दिवशी वहिनीने तिला पाणी दिलं.

मार्जेताने ते घेतलं नाही. "भांडण तुझं त्याच्याशी, यागोदा. ओझं मी वाहतेय. तुझ्या आईला त्या गुरुवारी शेवटची आंघोळ मी घातली होती, विसरलीस?"

वहिनी विसरली नव्हती. ती रात्री जेवली नाही. सकाळी तिने साखळीचं कुलूप काढलं आणि मार्जेताला हाक मारली.

"ट्रॅक्टर आण. पण चालवायचा तू. तो वर बसलेला दिसला तर साखळी पुन्हा लागेल."

"मला कुठे येतो चालवायला?"

"मग शीक."

आणि मार्जेता शिकली. दोन दिवस पुलापलीकडच्या कुरणात गोल गोल फिरली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणात शिरली. जीभ दातात धरून, चाक दोन्ही हातांनी आवळून. वळणावर तिने आमची कोंबड्यांची खुराडी आडवी केली. वहिनी ओरडली, "अगं डावीकडे, डावीकडे!" आणि दोघी हसायला लागल्या.

ट्रॅक्टरच्या मागून येर्नेय चालत येत होता. पायी जायचा हक्क होता त्याला. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, टोपी हातात. आमच्या दारासमोरून जाताना त्याने मान वर केली नाही. वहिनी हसायची थांबली आणि तो टेकडीच्या वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.